किलोमागे सहा रुपये

१ फेब्रुवारी २०२० रोजी निर्मला सीतारामन यांचे अर्थसंकल्पाचे भाषण अडीच तासांहून अधिक चालले. दुसऱ्या दिवशीची वर्तमानपत्रे आयकराच्या नव्या पर्यायी रचनेने भरून गेली. त्याच भाषणात, सीमाशुल्काच्या परिच्छेदांमध्ये, एका रसायनाचे नाव येऊन गेले: प्युरिफाइड टेरेफ्थॅलिक ॲसिड, बाजाराच्या बोलीत पीटीए. त्यावरचे अँटी-डम्पिंग शुल्क व्यापक जनहितासाठी रद्द करत आहोत, असे अर्थमंत्र्यांनी सांगितले. सर्वसामान्य वाचकाची नजर त्या ओळीवर थांबण्याचे कारण नव्हते. सुरतेत, सिल्वासात, भिवंडीत आणि मालेगावात मात्र ही ओळ ऐकण्यासाठी लोक काही वर्षे वाट पाहत होते.

पीटीए ही पांढरी पूड. खनिज तेलापासून पॅराझायलीन, पॅराझायलीनपासून पीटीए. त्यात मोनोइथिलीन ग्लायकॉल, म्हणजे एमईजी, मिसळले की पॉलिएस्टर तयार होते. एक किलो पॉलिएस्टरला साधारण ८६० ग्रॅम पीटीए आणि ३४० ग्रॅम एमईजी लागते. त्या पॉलिएस्टरचा एक तर तंतू काढतात, त्याचे कताई गिरणीत सूत होते. नाही तर सरळ धागा ओढतात, त्याला टेक्श्चरायझिंगच्या यंत्रावर पीळ आणि फुगारा देतात आणि तो कोनावर गुंडाळून मागावर येतो. मागावरून उतरलेले ग्रे कापड रंगाई-छपाईसाठी सुरतेला, बालोतऱ्याला, पालीला जाते. तिथून शर्टाला, साडीला, अस्तराला, शाळेच्या गणवेशाला. पुडीपासून गणवेशापर्यंत सात-आठ हात बदलतात. पहिल्या हातात अवाढव्य भांडवल आणि मोजकी माणसे असतात. पुढच्या प्रत्येक हाताला भांडवल कमी होत जाते आणि माणसे वाढत जातात. अँटी-डम्पिंग शुल्काची सारी गोष्ट या एका उतरंडीत आहे.

शुल्क लागते कसे

एखादी परदेशी कंपनी आपल्या देशात ज्या भावाने माल विकते त्याहून कमी भावाने भारतात पाठवत असेल, तर त्याला डम्पिंग म्हणतात. तेवढ्याने शुल्क लागत नाही. त्यामुळे भारतीय उत्पादकाचे नुकसान झाले, हेही दाखवावे लागते. आपल्याकडे याचा कायदेशीर आधार म्हणजे १९७५ च्या सीमाशुल्क दर कायद्यातील कलम ९-अ आणि १९९५ चे नियम. चौकशी करते वाणिज्य मंत्रालयाचे व्यापार उपाय महासंचालनालय, म्हणजे डीजीटीआर. शुल्क लावायचे की नाही, हा शेवटचा निर्णय अर्थ मंत्रालयाचा. एकदा लागले की साधारण पाच वर्षे राहते आणि मुदत संपताना फेरतपासणी होऊन वाढूही शकते.

या हत्याराला भारत नवखा नाही. देशातली पहिली चौकशी १९९२ मध्ये सुरू झाली, ती पीव्हीसी रेझिनवर. जागतिक व्यापार संघटना स्थापन झाल्यापासूनच्या पाव शतकात भारताने एक हजाराहून अधिक चौकशा सुरू केल्या. जगात सर्वाधिक चौकशा करणाऱ्या देशांत आपण अगदी वर आहोत. त्यांतल्या बहुसंख्य चौकशा रसायने, प्लास्टिक, तंतू, पोलाद अशा मालाच्या आहेत. थेट ग्राहकाच्या हातात जाणाऱ्या वस्तू त्या मानाने थोड्या. भारतातले अँटी-डम्पिंग प्रामुख्याने कारखान्याच्या कच्च्या मालावर लागते आणि त्याचा पहिला परिणाम दुसऱ्या एखाद्या भारतीय कारखान्यावर होतो.

किती शुल्क लावायचे, याच्या हिशेबात एक आकडा कळीचा आहे. त्याला गैर-हानिकारक किंमत म्हणतात: देशी उत्पादकाचे नुकसान होणार नाही अशी किंमत. त्याचा खर्च धरायचा आणि गुंतवलेल्या भांडवलावर वाजवी परतावा धरायचा. महासंचालनालयाच्या रूढ पद्धतीत हा परतावा करापूर्वी २२ टक्के धरला जातो. आयात मालाची किंमत याहून जितकी कमी, त्याला हानीचे प्रमाण म्हणतात. डम्पिंगचे प्रमाण आणि हानीचे प्रमाण यांतले जे कमी असेल तेवढेच शुल्क भारत लावतो. हा संयम स्तुत्य आहे. अनेक देश तोही पाळत नाहीत. पण कच्चा माल बनवणाऱ्याच्या भांडवलावर २२ टक्के परतावा गृहीत धरणाऱ्या या गणितात तो माल विकत घेणाऱ्याच्या परताव्याला रकानाच नाही.

भरतो कोण

पीटीएवर २०१४ मध्ये हंगामी आणि पुढे पक्के शुल्क लागले. चीन, दक्षिण कोरिया, थायलंड, युरोपीय संघ, पुढे इंडोनेशिया, मलेशिया, तैवान, इराण असे देश त्याच्या कक्षेत आले. टनाला २७ डॉलरपासून दीडशे डॉलरच्या वरपर्यंत दर होते.

टनाला शंभर डॉलर शुल्क धरू. किलोभर पॉलिएस्टरमध्ये ८६० ग्रॅम पीटीए, म्हणजे टनभर पॉलिएस्टरमागे ८६ डॉलर. तेव्हाच्या सत्तर रुपयांच्या डॉलरने हे किलोमागे सहा रुपये झाले. मीटरला शंभर ग्रॅम वजनाचे साधे ग्रे कापड घेतले, तर किलोत दहा मीटर बसते. म्हणजे मीटरमागे साठ पैसे.

साठ पैशांना कोण विचारतो, असे वाटेल. पण मागावरची मजुरी रुपयांत ठरतच नाही, ती पिकावर आणि पैशांत ठरते. इंचात बाण्याचे किती धागे, तितके पिक. पिकाला दहा पैसे दर धरला तर बावन्न पिकांच्या कापडाला मीटरमागे पाच रुपये वीस पैसे मिळतात. त्यातून वीजबिल द्यायचे, कामगाराची मजुरी द्यायची, शेडचे भाडे, कांडी भरणे, मागाची डागडुजी आणि बँकेचा हप्ता भागवायचा. या पाच रुपये वीस पैशांपुढे साठ पैसे ठेवले की साडेअकरा टक्के होतात. सगळा खर्च वजा जाता मागमालकाच्या हाती मीटरमागे जे उरते, त्याहून ही रक्कम मोठी असू शकते.

यावर कोणी म्हणेल, धागा मागमालकाचा नसतोच, तो व्यापाऱ्याचा. खरे आहे. इचलकरंजीत ज्यांना खर्चीवाले म्हणतात, ते दुसऱ्याचे सूत आपल्या मागावर विणून देतात. भिवंडी-मालेगावातही हीच रीत मोठी आहे. शुल्काची पावती त्यांच्या नावाने कधीच फाटत नाही. पण व्यापाऱ्याला कापड साठ पैशांनी महाग विकता आले नाही, तर त्याच्यापुढे दोन मार्ग उरतात: पिकाचा दर पाडायचा किंवा नवे बीम द्यायचे थांबवायचे. दोन्हींत फटका मागमालकाला बसतो. महासागरापलीकडून आलेल्या रसायनावर दिल्लीत लागलेले शुल्क शेवटी अशा माणसाकडून वसूल होते, ज्याने ते रसायन कधी पाहिलेलेही नसते.

आणखी एक गोष्ट पहिल्या वाचनात सुटते. शुल्क आकारले जाते आयात मालावर, पण महाग होतो सगळाच माल. देशी उत्पादक आपला भाव आयात होऊन पडणाऱ्या किमतीशी जुळवतो. त्यात गैर काही नाही, बाजार असाच चालतो. समजा, देशात एखाद्या कच्च्या मालाचा खप दहा लाख टन आहे, त्यातला एक लाख टन आयात होतो आणि टनाला शंभर डॉलर शुल्क आहे. सरकारच्या तिजोरीत एक कोटी डॉलर जमा होतील. पण देशी भावही तितकाच चढला, तर वापरणाऱ्यांच्या खिशातून दहा कोटी डॉलर जातील. मधले नऊ कोटी उतरंडीच्या खालच्या पायऱ्यांवरून वरच्या पायरीकडे गेले, आणि अर्थसंकल्पाच्या कोणत्याही पानावर त्यांची नोंद नाही. तिथे फक्त एक कोटीचा महसूल दिसेल.

या भारातून निसटण्याची एक वाट आहे. निर्यातीसाठी लागणारा कच्चा माल ॲडव्हान्स ऑथोरायझेशन या परवान्यावर आणला तर अँटी-डम्पिंग शुल्क माफ होते. पण त्यासाठी स्वतः आयात करण्याची ताकद लागते, निर्यातीची हमी द्यावी लागते, कागदपत्रे सांभाळणारा माणूस ठेवावा लागतो. ही वाट मोठ्या कंपन्यांना मोकळी आणि देशातल्या बाजारासाठी विणणाऱ्या लहान कारखानदाराला बंद. एकाच शुल्काचा भार त्यामुळे दोघांवर सारखा पडत नाही. जो अशक्त, त्याच्यावर अधिक पडतो.

पीटीएच्या बाबतीत अडचण अधिक गुंतागुंतीची होती. देशात पीटीए बनवणाऱ्या कंपन्या हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या, आणि त्यांतली सर्वांत मोठी रिलायन्स स्वतःच पॉलिएस्टरचीही सर्वांत मोठी उत्पादक. रायगड जिल्ह्यातल्या पाताळगंगेला १९८२ मध्ये तिचा पॉलिएस्टर धाग्याचा कारखाना उभा राहिला, तेव्हापासून ती मागे मागे जात कच्च्या मालापर्यंत पोहोचली. उद्योगाच्या दृष्टीने हे मोठेच कर्तृत्व आहे. पण स्वतःचे पीटीए नसलेल्या पॉलिएस्टर कारखान्याला आपल्या प्रतिस्पर्ध्याकडूनच माल घ्यावा लागतो आणि बाहेरून आणायचा तर शुल्क भरावे लागते, ही स्थितीही त्याच रचनेतून येते. मंगळूरला जेबीएफ कंपनीचा साडेबारा लाख टनांचा पीटीए कारखाना उभा राहिला. तो कर्जाच्या ओझ्याने बंद पडला आणि २०२३ मध्ये दिवाळखोरी प्रक्रियेतून गेल या सरकारी कंपनीने घेतला. पुरवठा असा आखडलेला असताना शुल्काचे दडपण दुप्पट जाणवते.

एकच विक्रेता

व्हिस्कोसची गोष्ट याहून उघड आहे. व्हिस्कोस तंतू लाकडाच्या लगद्यापासून होतो. मऊ, झुळझुळीत, घाम शोषणारा. कापसाच्या जवळ जाणारा आणि पावसावर अवलंबून नसलेला. भारतात तो बनवते जवळजवळ एकटी ग्रासिम: नागदा, हरिहर, खरच आणि विलायत इथल्या कारखान्यांत. चीन आणि इंडोनेशियाच्या व्हिस्कोस तंतूवर २०१० मध्ये अँटी-डम्पिंग शुल्क लागले आणि २०१६ मध्ये ते पुढे चालू ठेवले गेले. दर किलोला ०.१०३ ते ०.५१२ डॉलर.

एकच देशी विक्रेता आणि आयातीपुढे शुल्काची भिंत, अशा अवस्थेत कताई गिरण्यांनी दशकभर काढले. मार्च २०२० मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने, वर्चस्वाचा गैरवापर करून ग्राहकांना भेदभावाने दर लावल्याचा निष्कर्ष काढून, ग्रासिमला ३०१.६१ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कंपनीने त्या आदेशाला आव्हान दिले. त्या वादाचा न्याय न्यायाधिकरणे करतील. धोरण म्हणून विचारायचा प्रश्न वेगळा आहे: एक सरकारी यंत्रणा एखाद्या कंपनीचे बाहेरच्या स्पर्धेपासून रक्षण करते आणि दुसरी यंत्रणा तिच्यावर स्पर्धा नसल्याचा फायदा घेतल्याचा ठपका ठेवते, तेव्हा या दोघी एका टेबलावर कधी बसतात?

या काळात आणखी एक घडले. तंतूवर शुल्क होते, पण त्या तंतूचे सूत इंडोनेशियातून मुक्त व्यापार करारामुळे सवलतीत येऊ शकत होते. तिथल्या गिरणीला स्वस्त तंतू, आपल्या गिरणीला महाग. सूत तिथे कातले जाऊन इथे येऊ लागल्यावर आपल्या कताई उद्योगाने आता सुतावरही शुल्क लावा, अशी मागणी केली. ते लागले असते तर विणकराने कापडावर मागितले असते, आणि मग शिवणाऱ्याने कपड्यावर. कच्च्या मालावरच्या शुल्काची ही सवयच आहे: ते एका पायरीवर थांबत नाही. प्रत्येक पायरी आपल्यासाठी भिंत मागते आणि ही रांग अखेरीस पोहोचते अशा दारापाशी, जिथे भिंत घालता येत नाही. बांगलादेशातून तयार कपडे २०११ पासून जवळजवळ शुल्कमुक्त येतात. त्यांत चिनी कापड असले तरी हरकत घेतली जात नाही. महाग तंतू, महाग सूत, महाग कापड असे ओझे घेऊन आपला शिवणारा त्या दारात उभा राहतो.

ऑगस्ट २०२१ मध्ये व्हिस्कोसवरचे शुल्क काढले गेले. तेव्हा तिरुप्पूरपासून भिवंडीपर्यंत समाधान होते. मग २९ मार्च २०२३ पासून व्हिस्कोस तंतूवर गुणवत्ता नियंत्रण आदेश लागू झाला: भारतीय मानक ब्युरोचा परवाना नसलेल्या परदेशी कारखान्याचा तंतू देशात येणार नाही. पॉलिएस्टर तंतू-धाग्यांवर आणि खुद्द पीटीएवरही असेच आदेश आले. गुणवत्तेला विरोध असण्याचे कारण नाही. पण परवाना मिळण्यासाठी अधिकाऱ्यांनी परदेशी कारखान्याची तपासणी करावी लागते, आणि ती होईपर्यंत चांगला मालही बंदरात येत नाही. शुल्काला निदान दर असतो. थोडे अधिक पैसे मोजले तर माल मिळतो. परवान्याच्या भिंतीला दरच नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारने पीटीए, एमईजी, पॉलिएस्टर, व्हिस्कोस, पीव्हीसी यांसह अनेक कच्च्या मालांवरचे हे आदेश मागे घेतले. पाच-सात वर्षांत एकाच धाग्यावर शुल्क, मग शुल्कमुक्ती, मग परवाना, मग परवानामुक्ती. इतक्या वेळा नियम बदलले तर पाच वर्षांचे कर्ज काढून नवे शटललेस माग बसवण्याचा धीर कोणाला होईल?

शेतातली पाइपलाइन

हा विषय कापडापुरता नाही. विहिरीवरून रानात पाणी नेणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याचा त्याच्याशी संबंध आहे. भारतातले बहुतांश पीव्हीसी पाइप आणि फिटिंगमध्ये जाते, आणि देशाच्या गरजेच्या निम्म्याहून अधिक पीव्हीसी आयात होते. २०२१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत टेक्सासला हिमवादळाने रसायन कारखाने बंद पडले आणि पीव्हीसीचे भाव जगभर भडकले. त्या हंगामात पाइपलाइनचा अंदाज काढून ठेवलेल्या शेतकऱ्यांना आधीच्या रकमेत कमी लांबीचे पाइप मिळाले. पुढच्या वर्षी भाव कोसळले, चीनमधून स्वस्त माल आला आणि देशी रेझिन कंपन्या अडचणीत आल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये महासंचालनालयाने सात देशांच्या पीव्हीसीवर टनाला २५ ते ३३९ डॉलर हंगामी शुल्काची शिफारस केली.

महाराष्ट्राला या वादाच्या दोन्ही बाजू घरातच दिसतात. रत्नागिरीला फिनोलेक्सचा रेझिनचा कारखाना आहे आणि तीच कंपनी पाइपही बनवते. जळगावला जैन इरिगेशनने १९८० मध्ये पीव्हीसी पाइप सुरू केले आणि पुढे ठिबक सिंचनाचा मोठा संसार उभा केला. शिवाय औद्योगिक वसाहतींमधून एक-दोन यंत्रांवर पाइप काढणारे लहान कारखानदार पसरले आहेत. रेझिन आणि पाइप दोन्ही बनवणाऱ्याला शुल्क एका खिशातून दुसऱ्या खिशात जाते. फक्त पाइप काढणाऱ्याला ते रोख मोजावे लागते. आणि देशात पुरेसे रेझिन तयारच होत नसेल, तर शुल्कामुळे आयात थांबत नाही, फक्त महाग होते.

म्हणून शुल्कच नको का?

असे म्हणणे सोपे आहे आणि चूक आहे. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये १९५५ पासून पेनिसिलिन तयार होऊ लागले. पुढे देशात पेनिसिलिन-जी बनवणारे खासगी कारखानेही उभे राहिले. चीनमधून अत्यल्प भावाने माल येऊ लागला आणि २००० नंतरच्या दशकात हे कारखाने एकामागून एक बंद पडले. गोळ्या-कॅप्सूल बनवणाऱ्यांना तेव्हा तो स्वस्त माल हवाच होता. स्पर्धक संपल्यावर मात्र आपण संपूर्णपणे एका देशावर अवलंबून राहिलो. २०२० मध्ये सरकारला उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजना आणावी लागली, आणि २०२४ मध्ये काकीनाड्याला अरबिंदो समूहाच्या कारखान्यात पेनिसिलिन-जी पुन्हा होऊ लागले. जी क्षमता एकदा मोडते, ती उभी करायला पिढी जाते. ज्याने हे पाहिले आहे, तो डम्पिंगला स्वस्ताई म्हणणार नाही.

पेनिसिलिन आणि पीटीए शेजारी ठेवून पाहिले तर प्रश्न नीट मांडता येतो. एकीकडे कच्च्या मालाचा उत्पादक मेला आणि वापरणारा पुढे पराधीन झाला. दुसरीकडे कच्च्या मालाचा उत्पादक बळकट होता आणि वापरणारा सुकत गेला. दोन्ही वेळा निर्णय चुकण्याचे कारण एकच: साखळीतल्या एकाच दुव्याचा हिशेब पाहिला गेला.

आजच्या नियमांत वापरणाऱ्याला बोलण्याचा हक्क आहे. चौकशीत औद्योगिक वापरकर्त्यांना माहिती देण्याची संधी द्यावी, असे १९९५ चे नियम सांगतात. पण ही संधी कोणासाठी आहे ते पाहा. चौकशी सुरू झाल्याची सूचना राजपत्रात निघते. प्रश्नावली इंग्रजीत असते, उत्तराची मुदत साधारण तीस दिवसांची. उत्तर दोन प्रतींत द्यायचे, एक गोपनीय आणि एक उघड. सुनावणी दिल्लीत. अर्ज करणाऱ्या बाजूला देशातल्या उत्पादनात किमान २५ टक्के वाटा दाखवावा लागतो, आणि उत्पादक दोन-तीनच असतील तर ते एका बैठकीत जमते. त्यांच्याकडे वकील असतात, खर्चाचे लेखापाल असतात. महाराष्ट्रात देशातले निम्म्याच्या आसपास यंत्रमाग आहेत, पण ते हजारो शेडमध्ये विखुरलेले. चार मागांचा मालक ही प्रश्नावली भरणार नाही. त्याच्या गावी राजपत्र पोहोचत नाही. पोहोचतो तो सुताचा वाढलेला भाव. फाइलमध्ये त्याचा आवाज नसतो, म्हणून त्याचे नुकसानही नसते.

युरोपीय संघाच्या कायद्यात डम्पिंग आणि हानी सिद्ध झाल्यावरही तिसरी पायरी आहे: शुल्क लावणे संघाच्या एकूण हिताचे आहे का, हे तपासणे. त्यात वापरणारे उद्योग आणि ग्राहक यांचा विचार करावाच लागतो. कॅनडात सार्वजनिक हिताची स्वतंत्र चौकशी होऊ शकते. आपल्या कायद्यात अशी सक्तीची पायरी नाही. ते काम अर्थ मंत्रालय आपल्या अखत्यारीत करते आणि अलीकडच्या वर्षांत त्याने अनेक शिफारशी स्वीकारलेल्या नाहीत. पीटीए मुक्त झाले तेही असेच, मंत्रालयाच्या विवेकाने. विवेक चांगलाच, पण त्याच्या भरवशावर कारखाना उभारता येत नाही. ज्याचे शुल्क नाकारले त्याला कारण कळत नाही आणि ज्याच्यावर लावले त्यालाही कळत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. कच्च्या मालावर शुल्काची शिफारस करताना पुढच्या प्रत्येक पायरीवर त्याचा किती भार पडेल, याचा हिशेब निष्कर्षातच छापावा: सुतावर किलोमागे किती, कापडावर मीटरमागे किती, पाइपवर फुटामागे किती. देशी क्षमता गरजेहून कमी असेल तर पूर्ण आयातीवर शुल्क लावू नये. तुटीइतका माल मोकळा येऊ द्यावा. देशात उत्पादक एक-दोनच असतील तर स्पर्धा आयोगाचे मत घ्यावे. सूचना आणि प्रश्नावली त्या त्या केंद्राच्या भाषेत, मालेगावात उर्दूत आणि मराठीत, सुरतेत गुजरातीत, विणकरांच्या संघटनांपर्यंत पोहोचवावी आणि सुनावणी एकदा तरी त्या केंद्रात घ्यावी. अर्थ मंत्रालयाने हो म्हटले किंवा नाही म्हटले, कारण लिहून द्यावे.

यातले काहीही जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांच्या आड येत नाही आणि कोणत्याही देशी उत्पादकाचे संरक्षण काढून घेत नाही. खरोखर डम्पिंगने घायाळ झालेल्या उद्योगाला शुल्क मिळालेच पाहिजे. मात्र ज्या निर्णयाने एका कारखान्याला २२ टक्के परतावा वाजवी ठरतो, त्याच निर्णयात हजारो शेडमधल्या साठ पैशांचा हिशेबही मांडलेला असला पाहिजे. तो मांडला गेला तर काही शुल्के लागतील, काही कमी होतील, काही लागणार नाहीत. त्यातले प्रत्येक मागमालकाच्या मनासारखे होईल असे नाही. पण निर्णय झाला तेव्हा आपलाही आकडा कागदावर होता, एवढे त्याला म्हणता आले पाहिजे. ते त्याच्या हक्काचे आहे.